बुजवलेली फट

मित्रांनो, शाळेला जाताना तुमची बस ज्याच्या पाठीवरून धावते आणि ज्याच्याकडे तुम्ही कधी लक्ष देऊन पाहिलेले नाही, तो महामार्गाचा जुना पूल मीच. सांगतो ते नीट बसून ऐका. पुन्हा सांगायला मी असेनच, याची खात्री नाही.

ज्यांनी मला कागदावर आखले, ते अभियंते कडक शिस्तीचे गृहस्थ होते. खाली दाट वस्ती होती. तिला धक्का न लावता मोठा रस्ता पलीकडे न्यायचा होता. त्यांनी दोन्ही बाजूंच्या खांबांवरून काँक्रीटचा एकेक हात पुढे काढला आणि मधला लांब तुकडा त्या हातांच्या टोकांवर नुसता टेकवला, दोघांनी मिळून फळी धरावी तसा. दोन्ही टोकांशी चार बोटांची फट ठेवली. मी उन्हात फुगतो, थंडीत आकसतो. त्या फटी म्हणजे माझी श्वास घेण्याची जागा. त्यांत रबरी पट्ट्या बसवून त्यांनी मुकादमाला बजावले, "या पट्ट्या वेळच्या वेळी बदलायच्या. इथे पाणी मुरलं, तर पूल आतून सडेल आणि बाहेरून कोणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

त्यानंतर कित्येक वर्षे मी ट्रक पेलले, रुग्णवाहिका पेलल्या, नव्या घरी निघालेल्यांची कपाटे आणि पलंग पेलले. फटींवरून चाक गेले की खडखड होई आणि लोक कुरकुरत. अखेर रस्ते खात्याच्या एका प्रमुखांनी दोन्ही फटी डांबराने बुजवून टाकल्या. रस्ता लोण्यासारखा झाला. वर्तमानपत्रांत माझे छायाचित्र आले. ज्या दिवशी माझा श्वास कोंडला, त्याच दिवशी मला आयुष्यातली सर्वांत मोठी शाबासकी मिळाली.

डांबर तडकले, पाणी आत उतरले, पोलादी सळ्या गंजून फुगू लागल्या. हे प्रथम समजले ते माझ्या उजव्या हाताच्या टोकाखाली खुर्ची मांडून केस कापणाऱ्या काकांना. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर तपकिरी थेंब पडला की ते म्हणत, "काही नाही हो, पुलाकडून मेंदी आहे." पुढे थेंबांबरोबर काँक्रीटच्या खपल्याही पडू लागल्या, तेव्हा मात्र काकांची थट्टा थांबली.

काल, गुरुवारी, तपासणीच्या बाई हातोडी घेऊन शिडीवर चढल्या. धडधाकट काँक्रीट हातोडीला खणखणीत उत्तर देते. माझ्यातून मात्र भद्द असा आवाज आला. बाई खाली उतरल्या, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"काका, खुर्ची आजच हलवा."

"बावीस वर्षं बसतोय इथे, बाई. माझं गिऱ्हाईक या सावलीला येतं."

"ती सावलीच खाली येईल."

"मग तुमच्या साहेबांना येऊन सांगू दे."

आज सकाळी साहेब आले. "बाई, इतकी वर्षं उभा आहे तो. तुमची हातोडी लागली आणि लगेच आजारी पडला?"

बाईंनी खुर्ची झटकून पुढे सरकवली. "पाच मिनिटं बसा, साहेब. मी वर टोकाला हातोडी मारते, तुम्ही नुसतं ऐका."

"बसा की," काका म्हणाले, "तोवर मिशा नीट करून देतो."

साहेबांनी वर पाहिले. ते बसले नाहीत.

काकांनी आरसा काखेत मारला, खुर्ची उचलली आणि ते रस्त्यापलीकडे दूर निघून गेले. बाईंनी अहवालात तिथल्या तिथे एक ओळ लिहिली: 'अधिकारी पुलाखाली पाच मिनिटे बसण्यास राजी झाले नाहीत.'

"ही ओळ काढा," साहेब म्हणाले.

"पूल बंद करा. काढते."

साहेबांनी सही केली. पूल बंद, सोमवारपासून. वाहतूक वळवायला तेवढे दिवस लागतात म्हणे. आज शुक्रवार आहे.

मित्रांनो, मी कधी कोणापुढे हात पसरलेला नाही. आज मात्र मागतो आहे. गुळगुळीत रस्त्याचे कौतुक करण्यापूर्वी त्याखाली काय बुजवले आहे, हे मोठ्यांना विचारायला शिका. आणि सोमवारपर्यंत घरातल्या कोणालाही माझ्याखालून जाऊ देऊ नका; माझ्यावरूनही नाही. हे हट्टाने सांगा, रडून सांगा, पण सांगा. आत्ताच एक भरलेला ट्रक चढला आहे. उजव्या टोकाशी काहीतरी सरकले. मी अजून धरून आहे.