लांबट चाक

शिवाने विलायतेहून माझ्यासाठी काय आणलं, तर एक बिघडलेलं चाक. निदान मला तरी ते बिघडलेलंच वाटलं. सायकलच्या दोन पायडलांमध्ये दात्यांचं चाक असतं ना, ज्यावरून चेन फिरते, ते. साऱ्या जगात ते गोल असतं. हे मात्र आंब्याच्या बाठ्यासारखं लांबट.

"मेल्या, तुला फसवलंन कुणीतरी," मी म्हटलं.

"नाय बाबा, मुद्दाम तसं केलेलं हाय." शिवा आगबोटीवर इंजिनाच्या खोलीत कोळसा ओढतो, त्यामुळे यंत्राचं काही निघालं की त्याची कळी खुलते. "पायडल पार वर नायतर पार खाली असलं का पायाला जोर नसतो. तितं ह्ये हलकं जातं. आडवं आलं का जोर असतो, तितं जड जातं. तुमचं गुडघं वाचतील."

माझे गुडघे वाचण्यापलीकडे गेले होते. सन चौतीसचा वैशाख होता तो. रत्नागिरीच्या पोस्टातून थैली घ्यायची आणि नाचणे गावची घाटी चढून वरच्या वाड्यांना टपाल वाटायचं, यात माझी उमर गेली. जांभ्याची तांबडी धूळ माझ्या धोतरातून कधी गेलीच नाही. दमलो होतो, सरळच सांगतो. पोस्टमास्तरांना ते दिसत होतं. ते म्हणाले, "हरिश्चंद्र, घाटी अशीच जड गेली तर पावसाळ्यानंतर थैली दुसऱ्याला द्यावी लागेल. तुझा मुलगा घेत असेल तर मी शब्द टाकतो."

शिवा रजेवर घरी होता. बोटीवर त्याला आता कोळशातून काढून इंजिनाला तेल घालायच्या कामावर घेणार होते. पावसासाठी बंदर बंद व्हायच्या आत शेवटची बोट गाठली तर ती जागा त्याची. नाही गाठली तर दुसऱ्याची. तो ओसरीवर बसून मान वर न करता म्हणाला, "चाक तुमाला मानवलं तर मी जातो. नाय मानवलं तर थैली मी घेतो." 

म्हणजे माझ्या पोराचं काय व्हायचं, हे त्या बाठ्यावर ठरणार. माझी बायको येसू देवापुढे दिवा लावताना रोज काय मागत होती, ते मला माहीत होतं. पोरगा घरी राहावा. आणि मी? खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं.

चाक बसवलं. गोल चाकाने घाटीतल्या ज्या फणसापाशी दम लागून उतरायचो, त्याच फणसापाशी लांबट चाकानेही उतरलो. पायडल वर आलं की हलकं वाटायचं, बरं वाटेपर्यंत ते आडवं यायचं आणि गुडघ्यात कळ मारायची. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, असला तो कारभार. बाजारात मात्र जो तो शहाणा. शिंपी म्हणे, लांबटच बरं. वाणी म्हणे, देवाने चंद्र-सूर्य गोल केले ते उगाच का? जे जन्मात सायकलवर बसले नाहीत ते सगळ्यात जास्त बोलत.

रोज संध्याकाळी शिवा विचारी, "कसं वाटलं?" मी म्हणे, "बघू." शेवटी येसू कावली. "ह्यांच्या बघूबघूत पोरगा बोटीवर जायचा. देवीला कौल लावू."

धोंडू गुरवाने आजवर विहिरीसाठी कौल लावला होता, सोयरिकीसाठी लावला होता. सायकलसाठी कधी लावला नव्हता. तरी त्याने देवीच्या पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक पाकळी चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, ह्या तुज्या लेकराच्या सायकलीला लांबट चाक बरं असंल तर उजवी दे, गोल बरं असंल तर डावी दे." आम्ही हात जोडून बसलो. गाभाऱ्यात माश्या घोंगावत होत्या. बऱ्याच वेळाने डावी पाकळी सुटली.

येसूच्या डोळ्यांना पाणी आलं, आनंदाचं. शिवाने देवीला नमस्कार केला आणि म्हणाला, "बरं." एवढंच.

घरी आल्यावर त्याने ट्रंकेतले बोटीवरचे निळे कपडे काढले आणि आईला दिले, "पुसायला घे गो आये." मग माझी थैली खुंटीवरून काढून खांद्याला लावून पाहिली. पट्टा त्याला तोकडा होत होता, तो सैल केलान. कुरकुर नाही, काही नाही. बैल जुवाखाली मान देतो तशी त्याने मान दिली. माझा बाप टपालाचा हरकारा होता. त्याचे पाय गेले तेव्हा मीही असाच निमूट पट्टा सैल केला होता. तेव्हा मला काय वाटलं होतं, ते कुणी विचारलं नव्हतं. मला एकाएकी भयंकर राग आला. देवीचा, येसूचा आणि सगळ्यात जास्त माझा.

सकाळी मी शिवाला म्हटलं, "तू चालत पुढं जा. घाटीच्या माथ्यावर थांब."

तो दिसेनासा झाल्यावर मी निघालो. फणस आला. उतरलो नाही. त्यापुढे सायकलवरून मी कित्येक वर्षांत गेलो नव्हतो. गुडघ्यात कुणीतरी कोयता फिरवत होतं. दात खाऊन एकेक पायडल दाबत राहिलो, येसूला शिव्या घातल्या, मेलेल्या बापाला घातल्या, देवीला तेवढ्या घातल्या नाहीत. माथ्यावर शिवा उभा होता. मला सायकलवर बसलेला पाहून त्याने आ वासला.

"बघितलंस?" मला धड बोलता येत नव्हतं. "मानवलं. जा तू."

"पण बाबा, कौल?"

"कौलाचं मी बघतो. नारळ देतो देवीला. तू बोट गाठ."

तो चाकाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. यंत्रातलं कळणारा पोरगा तो. पण त्याला विश्वास ठेवायचा होता, म्हणून ठेवलान. तोंडावरचा आनंद लपवायचंही त्याला सुचलं नाही.

शेवटच्या बोटीला तो गेला. पडावातून आगबोटीकडे जाताना बराच वेळ हात हलवत होता. येसू माझ्याशी बोलेना. देवीचा शब्द मोडला, पोरगा घालवला. एकाच माणसावर किती रागवायचं, हेही तिला कळत नसावं. मी देवीला नारळ दिला, चुकलंमाकलं पदरात घे म्हटलं. गुडघे भोपळ्यासारखे सुजले होते, तरी थैली घेऊन जातच होतो.

एके संध्याकाळी ती तेलाची वाटी घेऊन माझ्या पायाशी बसली. एक गुडघा चोळायला लागली. मग म्हणाली, "त्या दिवशी चढलात कसे वो?"

"चाक गोल असतं तरी चढलो असतो."

तिचा हात थांबला. "मग आता?"

"आता फणसापाशी उतरतो. त्याच्याही आधी उतरतो. ढकलत नेतो."

"काढून टाका मग ते मेलं चाक."

"नको. तो येईल तेव्हा बघेल."

ती रडली. मीही रडलो, लाज कसली त्यात. मग तिने पदराने डोळे पुसले आणि माझा दुसरा गुडघा पुढे ओढला.

"उद्यापासून भाकऱ्या लवकर भाजते," ती म्हणाली. "चालत जायचं तर उजाडायच्या आधी निघाया लागंल."