विठाच्या भाताची पोती

गच्चीवरचं पाणी पळालं होतं, आणि ते बघून विठाच्या तोंडचंही पळालं.

चामटोलीची विठा पंधरा वर्षं गच्च्या गळू नयेत म्हणून त्यांना कोबा घालत होती. विटांचे तुकडे, चुना-सिमेंट, आठ बायांची टोळी आणि म्हातारा सोमा. बदलापुरात तिच्या हाताखालून किती गच्च्या गेल्या, तिलाही आठवत नव्हतं. मग लॉकडाऊन आला, बिल्डर गायब झाले आणि बाया स्टेशनबाहेर भाजी विकायला बसल्या. आता कुठं धंद्यानं पुन्हा डोकं वर काढलं होतं. पण विठानं मनाशी ठरवलंच होतं, आता एकाच गावच्या तोंडाकडं बघत बसायचं नाही. म्हणून तिनं उल्हासनगर गाठलं. कॅम्प एकमधलं हितेशशेटचं जीनच्या कापडाचं गोदाम हे तिचं तिथलं पहिलंच काम. ते फसलं असतं तर त्या बाजारात तिला कुणी जिना चढू दिला नसता.

कोबा झाला. पन्हळीच्या तोंडाशी मातीचा बांध घालून गच्चीत चार बोटं पाणी भरलं. तीन दिवस ते उभं राहायचं आणि खाली छताला ओल येता कामा नये, ही बोली. दुसऱ्याच दिवशी सकाळी बांध फुटलेला आणि गच्ची कोरडी!

"बाई, चालू बनती है क्या?" हितेशशेट कडाडला. "नीचे गीला दिखने से पहले पानी निकाल दिया!"

"शेट, आईशप्पत, मी नाय काढलं."

"मी काढलं," सोमा झाडू धरून पुढं आला. "शेटनीच तं सांगितलं. मी पान्यात पडलेली पतंग काढीत व्हतो. ह्ये जिन्यावरून वरडले, पानी छोड दो, पानी छोड दो! मंग मी सोडलं."

शेटनं कपाळावर हात मारला. "अरे, छोड दो मतलब हाथ मत लगाओ! रहने दो!"

विठाला हसावं की रडावं कळेना. सोमाचा जन्म भाताच्या खाचरात गेलेला. पाणी सोड म्हटलं की बांध फोडायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं इमानानं हुकूम पाळला होता.

"शेट, आमच्यात सोड बोलले का बांध फोडतात," ती म्हणाली. "फिरून भरते. माझ्या टँकरनं."

"नहीं चाहिए. गाँव का काम गाँव में करो."

हे शब्द मात्र विठाला झोंबले. मघापासून खाली घातलेली मान तिनं वर केली.

"गावचं काम गावात? मंग ऐका. तीन दिस नाय, सात दिस पानी उभं करते. आन खाली रिकाम्या गोदामात माझ्या घरचं वर्साचं भात ठेवते. गळलं तं माझं भिजंल, तुमचं काय जातंय?"

शेट कबूल झाला. असला सौदा त्याच्या बाजारात कुणी केला नव्हता.

चामटोलीत नवऱ्याला, रघूला, हे कळलं तेव्हा तो पोत्यांसमोर आडवाच उभा राहिला.

"येडी झालीस का? भिजलं तं वरीसभर खायाचं काय?"

"माझा कोबा खा! पंधरा वर्सं त्याच्यावरच जेवलास ना? हो बाजूला."

रघू बाजूला झाला. नुसता झाला नाही, बडबडत का होईना, पोती टेम्पोत त्यानंच चढवली.

सात दिवस विठा रोज गोदामात येऊन मान वर करून बसायची. मनात धाकधूक होतीच, नसणार कशी? पण शेजारचे दुकानदार डोकावले की ती मुद्दाम पोत्याला टेकून चहा प्यायची. "टपका क्या?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "तुमच्याच तोंडाला पानी सुटलंय, वरून काय येत नाय!"

सातव्या दिवशी गल्लीतली दहाबारा माणसं जमली. विठानं मधल्या पोत्याचं तोंड उसवलं आणि हितेशशेटचा हात धरून कोपरापर्यंत आत घातला. शेटनं मूठ वर काढली. दाणे सळसळत खाली पडले. छताला बोटभरही ओल नव्हती.

"मान गए, बाई," शेट म्हणाला.

समोरचा दुकानदार लगेच पुढं सरकला. "मेरा छत कब करोगी? ऐसे ही चावल रखके करना."

"नाय शेट. माझं भात एकदाच. आता ज्याची गच्ची, त्याचाच माल खाली. भरवसा नसंल तं दुसरा बघा."

समोरचा हितेशशेटकडं बघू लागला. शेटनं एकदा छताकडं पाहिलं, एकदा विठाकडं, आणि हमालांना हाक मारली. "माल लाओ अंदर."

वर चार बोटं पाणी अजून उभंच होतं. पहिला हमाल जीनचा गठ्ठा घेऊन आला आणि जरा बिचकून दाराशीच टेकवायला लागला.

"तिथं कशाला?" विठा ओरडली. "मधोमध ठेव."