पाऊण ठेव

भालचंद्रांना शून्यांची धास्ती होती. केंद्र सरकारची नोकरी संपवून ते दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून नोएडाच्या बाराव्या मजल्यावर आले आणि मुलीच्या, उल्काच्या, भरीला पडून त्यांनी एक बिटकॉइन घेतलं. एकच. त्या एकाचे दहा कोटी बारीक तुकडे होतात, एकेका तुकड्याला सातोशी म्हणतात, हे कळलं आणि त्यांची झोप उडाली. पाठवताना एक शून्य जास्त पडलं तर? गेलेलं परत येत नाही, आणि अर्ज करायला समोर साहेबही नाही.

आता पत्नीची, देविकाताईंची, किडनी बदलायची होती. पाव बिटकॉइन विकून हॉस्पिटलची अनामत भरायची आणि उरलेल्यातून ऑपरेशन, असा हिशोब. गिऱ्हाईक पानिपतचा पडदेवाला. त्याने सकाळीच पावाचे पैसे खात्यात भरले होते.

"मराठी माणसाचं पानिपतात कधी भलं झालंय का?" देविकाताई पलंगावरून हसल्या. हसतानाही त्यांना धाप लागली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे भालचंद्रांना काळ्या चष्म्यातून मोबाइलवर नुसता उजेड दिसे. म्हणून संध्याकाळी उल्का गुरुग्रामहून ऑफिस सुटल्यावर आली. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि नंबर मोबाइलमध्ये होते; सौदा कितीचा, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

"पाऊण ठेव, बाकीचं पाठव," ते म्हणाले. "आणि शून्यं नीट मोज."

"बिल्कुल, बाबा. सातोशीत टाकते. शेवटी सहा शून्यं."

त्यांनी बोटांवर पडताळलं. पाव म्हणजे अडीच कोटी सातोशी, पंचविसावर सहा शून्यं. बरोबर. तरी मन मानेना.

"परत मोज."

"सहाच आहेत, यार बाबा!"

"मग दाब."

तिने दाबलं. भालचंद्रांनी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

"चलो, झालं. आता पंचविसावर सहा शून्यं उरलीत."

"उरलीत?"

"हो. पाऊण ठेव म्हणालात ना? पंचाहत्तरवाले गेले."

दिल्लीत वाढलेल्या पोरीला पाव ठाऊक होता, भाजीवाल्याच्या कृपेने. पाऊण तिला कुणी शिकवलाच नव्हता. घड्याळ ती इंग्रजीत बघे.

"पाऊण म्हणजे पावच ना?" तिने विचारलं, आणि बापाचा चेहरा बघून तिचा आवाज बसला. "वेगळं असतं का, बाबा?"

इतके दिवस भालचंद्र ज्या शून्यांना भ्याले ती सगळी जागच्या जागी होती. भीतीचे डोळे भलतीकडेच लागले होते.

उल्काने पानिपतला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, तर फोन बंद. मग ती लावतच राहिली, आणि भालचंद्र भिंतीला धरून खाली बसले.

आतून देविकाताईंचा आवाज आला, "अहो, पोचलं का पानिपतला?"

भालचंद्रांनी ओठ ओले केले.

"पोचलं," ते म्हणाले.