मऊ बेअरिंग

काकांच्या टेबलावर सकाळपासून दोन डबे उघडे पडले होते. एकात मऊ धातूचं बेअरिंग, दुसऱ्यात शर्यतीचं, कडक. अर्ध्या बांगडीसारख्या या पातळ पट्ट्यांमध्ये इंजिनाचा क्रँक, म्हणजे मुख्य दांडा, तेलावर फिरतो. मऊ बेअरिंग रोजच्या वापराला गुणी. तेलातला बारीक कचरा पोटात घालतं, कुरकुर करत नाही. पण गाडी तुफान पळवली की त्याचा जीव जातो आणि इंजिन जाम होतं. आता पुतणी ही गाडी शर्यतीतच उतरवणार म्हटल्यावर कोणतं घालायचं ते काका डोळे झाकून सांगू शकले असते. तरी हात पुढे होईना.

गाडी तिच्या बापाची, म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची. भर वेगात वळणावर इंजिन जाम झालं, चाकं अडकली आणि भाऊ गेला. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती. पुतणीने ती बाहेर ओढली तेव्हा काकांनी आधी कपाळावर हात मारून घेतला आणि मग निमूटपणे पाना उचलला. पोरगी बापासारखीच हट्टी, किंबहुना काकणभर जास्तच.

दुपारी वहिनी आल्या. नवरा गेल्यापासून त्यांनी गॅरेजात पाऊल ठेवलं नव्हतं.

"भावजी, माझं तर ती ऐकत नाही. तुम्हीच असं काहीतरी घाला, की गाडी फार पळणारच नाही. तिला कुठे कळणार आहे?"

काकांचा हात मऊ डब्यावर गेला. सकाळपासून त्यांच्याही मनात हेच घोळत होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती.

"वहिनी, बेअरिंग गाडीला आवरत नाही हो. मऊ घातलं तरी ती तेवढीच पळवणार. आणि मग एखाद्या वळणावर..."

"ह्यांच्या वेळी गाडीत कोणतं होतं?"

"मऊ. कडक मिळेपर्यंत थांब म्हटलं होतं मी. दादा थांबला नाही."

वहिनी स्टुलावर बसल्या आणि आवाज न करता बराच वेळ रडल्या. मग वहिनी उठल्या, नळावर साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि कडक बेअरिंगचा डबा पुढे ओढला.

"याला तेल लावतात ना?"

"हो. बसवताना, बोटाने. कुठे कोरडं राहता कामा नये."

"द्या, मी लावते. तुम्ही नीट बघा. राहिलं कुठे तर लगेच सांगा."