एकास चार

"उकळू दे नीट," खिडकीजवळून हॉबर्ट म्हणाला. "आणि साखर एकास पाणी चार. अंदाजानं ओतू नकोस."

"तेवीस वर्षं तेच ऐकतेय."

"मग चोविसाव्यांदा ऐक."

नेल्डानं त्याच्याकडे पाठ ठेवली होती, ती काही रागानं नव्हे. पातेल्यात चार पेले पाणी उकळत होतं आणि तिच्या हातात, पोटाशी धरलेल्या, पिवळ्या पुड्या होत्या. त्याच्या कॉफीत घालायच्या. साखर नसलेली साखर. एकेक पुडी फाडताना ती खोकत होती, म्हणजे कागदाचा आवाज जायला नको.

गोड ते गोड. बाहेरच्या बाटलीतलं प्यायला येणाऱ्या हमिंगबर्डला काय कळतंय.

*

दाराच्या चौकटीवर, पेन्सिलनं, हॉबर्टच्या अक्षरात, हमिंगबर्ड पहिल्यांदा आल्याची दर वर्षाची एक ओळ:

१४ एप्रिल. पहिला नर.
९ एप्रिल. पाऊस.
१२ एप्रिल. मी ट्रकवर. नेल्डानं पाहिला.
१२ एप्रिल. तोच असणार.
१७. उशीर. काळजी.
११.

आणि असंच वरपर्यंत. यंदाची ओळ त्याच्या उभ्या खांद्याच्या उंचीवर यायला हवी होती. म्हणून तिनं खाली, चाकांच्या खुर्चीतून हात पोचेल असा, एक कोरा कागद चिकटवून ठेवला.

*

ऑगस्टपासून या घरात साखरेचा कण नव्हता. पाखरांपुरती तिनं कुठंतरी लपवलीय, असं हॉबर्टला वाटत होतं.

त्या दुपारी नेल्डा दुकानातून आली तर हॉबर्ट पोर्चवर आडवा, शेजारी पाखरांची लाल बाटली रिकामी, आणि त्याच्या दाढीत मुंग्या. मधुमेह जुना. पायाची जखम आधीच चिघळलेली. "एकच घोट घेणार होतो," असं त्यानं इस्पितळात सांगितलं. शपथा त्यानं त्याआधीही घेतल्या होत्या, आईच्या, बायबलच्या, एकदा कुत्र्याच्यासुद्धा. ऑक्टोबरात डावं पाऊल गेलं.

नेल्डानं एकतीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात काढली होती. मोज्याचं बोटांकडचं तोंड शिवून बंद करायचं, एवढंच काम. इस्पितळातून घरी आल्यावर हॉबर्ट म्हणाला, "जन्मभर तू जोड्यांनी मोजे शिवलेस, आणि नवऱ्याला आता एकच पुरतोय." तेव्हा ती हसली नाही. भांडी घासताना हसली, एकटीच, आणि मग तिला नळ तसाच सोडून खाली बसावं लागलं.

सकाळी इन्सुलिनची सुई. मग त्याला काखेत धरून उचलायचं. खुर्ची. जेवणाआधी पुन्हा सुई. जखम धुवायची. पुन्हा उचलायचं. तिचं वय अडुसष्ट, त्याचं वजन दोनशे वीस पौंड.

*

"नेल्डा."

"काय?"

"इकडे ये. हळू."

यंदाचा पहिला नर आला होता. अंगठ्याएवढा. ऊन पडलं की गळा निखाऱ्यासारखा पेटायचा, वळला की काळा पडायचा. त्यानं बाटलीच्या प्लास्टिकच्या फुलात चोच घातली. काढली. मान झटकली. दुसऱ्या फुलात घातली. तिसऱ्या. मग हवेतच मागे सरकून तो काचेसमोर, थेट हॉबर्टच्या नाकासमोर थांबला, तक्रार घेऊन आल्यासारखा. आणि गेला.

हॉबर्टनं कागदावर तारीख लिहिली. पेन्सिल खाली ठेवली नाही.

"प्यायला नाही," तो म्हणाला.

"दमला असेल. समुद्र ओलांडून येतो बिचारा."

"दमलेलं पाखरू आधी पितं."

*

अंगणातल्या डॉगवुडच्या झाडाला फुलं आली की थंडी एकदा उलट फिरून येते. तोवर इथे कोणी टोमॅटो लावत नाही. यंदा ती गुरुवारी आली; बर्फाचे बारीक खडे पत्र्यावर तडतडले. नर डॉगवुडच्या फांदीवर पिसं फुगवून बसून होता. मधूनच बाटलीपाशी यायचा, चोच बुडवायचा, मान झटकायचा, परत फांदीवर. दुपारपर्यंत त्याच्या फेऱ्या कमी झाल्या.

"काय घातलंयस त्यात?"

"गोड."

"कसलं गोड?"

नेल्डा टॉवेलच्या घड्या घालत होती. एक घडी मोडून तिनं पुन्हा घातली.

"तुझंच."

"मला चालतं गं ते," हॉबर्ट म्हणाला. "मी रोज पितो, रोज शिव्या देतो. पण माझ्या अंगावर चरबी आहे. त्याच्या अंगावर काय आहे? या गारठ्यात आजचा दिवस काढणार नाही तो."

"साखर घरात आणू?"

हॉबर्टनं खांदे उडवले.

"तोंडानं सांग, हॉबर्ट. आणली तर तू काय करशील?"

"वचन देऊ?"

"नको. वचनं पुष्कळ साठलीयत माझ्याकडे."

"मग मला काय विचारतेस." त्यानं तोंड फिरवलं. "मला माहीत असतं तर दोन्ही पायांवर नसतो का उभा?"

*

शेजारची मॉडी शाळेची बस चालवायची. दार उघडताच तिनं रिकामी लाल बाटली घेऊन उभ्या नेल्डाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "स्वेटर उलटा घातलायस."

"असू दे. साखर आहे?"

"नेल्डा, तुझ्या घरात..."

"घरात न्यायची नाही. इथंच उकळायची. रोज इथंच येईन."

मॉडीनं पातेलं काढलं. पुड्यांची गोष्ट ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "अगं, त्यात पोटाला काय आहे? हवा वाढलीस तू त्याला."

"नवऱ्यालाही तीच वाढते."

मॉडीनं खुर्ची पुढे केली. पाणी उकळून गार होईपर्यंत नेल्डा त्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. तोंड उघडं, पर्स मांडीवर. मॉडीनं पातेलं बर्फात ठेवून गार केलं, बाटली कढत पाण्यानं धुतली, भरली, आणि मगच तिला उठवलं.

*

नेल्डानं भरलेली बाटली पोर्चवरच्या नेहमीच्या आकड्याला टांगली. हॉबर्टनं खुर्ची दारातून बाहेर काढली होती. मांडीवर घोंगडी, नाक लाल. तो बाटलीकडे बघत होता, पाखराकडे नव्हे. मग त्यानं हात वर केला. सावकाश. बोटं बाटलीच्या बुडाला लागली आणि ती हलली.

"इथं नको," तो म्हणाला.

"मग कुठं?"

"पायऱ्यांच्या खाली. तिकडे, कुंपणाच्या खांबावर."

"तिथलं पाखरू तुला दिसणार नाही."

"ठाऊक आहे."

पोर्चला तीन पायऱ्या होत्या. चर्चची माणसं खुर्चीसाठी उतार बांधून देणार होती, फळ्या अजून आल्या नव्हत्या.

"आणि उतार झाल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा. आज टांग."

ती बाटली घेऊन उतरली. एकेका पायरीला कठडा धरत. गवत ओलं होतं, बुटांत पाणी शिरलं. खांबाला खिळा होता. तिनं बाटली अडकवली आणि चार पावलं मागे सरून उभी राहिली. थंडीनं तिचे दात वाजत होते. खूप वेळानं फांदीवरचं ते फुगलेलं बोंड सुटलं, वेडंवाकडं खाली आलं, आणि चोच आत गेली. बाहेर आली नाही.

"पितोय का?" पाठीमागून हॉबर्टनं विचारलं.

"पितोय."

"मान झटकतोय?"

"नाही."

ती वळली. हॉबर्ट वाकून चाकाशी काहीतरी करत होता. आधी डावीकडे, मग उजवीकडे. खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावून झाल्यावर त्यानं हात घोंगडीखाली घेतले.