फोटोमागची ओळ

२०१९ सालची गोष्ट. त्या वर्षीच्या श्रावणात नागपूरला, मानेवाडा रस्त्यावरच्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुने वेबपान आहे. एवढ्यात कसले जुने, असे तुम्ही म्हणाल. पण आम्हा पानांचे आयुष्य फार थोडे असते. बरीचशी पाने वर्षा-दोन वर्षांत बदलली जातात, नाहीतर पुसली जातात. मी अजून आहे. ज्यांच्यामुळे आहे, त्यांची आठवण सांगावी म्हणून आज बोलते आहे.

मला घडवले लतिकाताईंनी. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यांचे अर्धे आयुष्य खापरखेड्याला, वीज केंद्राच्या वसाहतीत गेले. पुढे निवृत्त्या झाल्या आणि तिथल्या बायका पांगल्या. कोणी मुलाकडे पुण्याला गेली, कोणी गावी शेतीवर. दर जानेवारीत त्या नागपुरात एकदा भेटत. आपल्या सगळ्यांचे एक पान असावे, त्यात वसाहतीतले पदार्थ आणि जुने फोटो असावेत, असे लतिकाताईंना वाटे.

त्या हौसेमागे एक हुरहुर होती. वसाहतीत त्यांच्या शेजारी रुखमाबाई राहत. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायच्या की नाही, हे ठरवण्याचा मान रुखमाबाईंचा. वीज केंद्राच्या चिमणीतून राख उडे आणि वाऱ्याची दिशा चुकली की वाळवणावर काळी भुकटी बसे. म्हणून रुखमाबाई सकाळीच गच्चीत जात, चिमणीचा धूर कुठे वाहतो ते बघत आणि मग खाली बघून म्हणत, टाका. त्यांनी म्हटल्याशिवाय कोणाच्या घरचा चीक शिजत नसे. पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. त्या कळमेश्वरला मुलाकडे, पियुषकडे, राहायला गेल्या आणि मेळाव्याला येईनाशा झाल्या. तीन जानेवाऱ्या त्यांच्याशिवाय गेल्या होत्या. हे पान बघून, म्हणजे ऐकून, त्या परत येतील अशी लतिकाताईंना आशा होती.

शिकवणारी घरातच होती. सून नूपुर मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीत नोकरी करी. रविवारी पोहे झाले की ती सासूबाईंना एचटीएमएल शिकवायला बसे. पहिल्या दिवशी तिने लॅपटॉप उघडलाच नाही. ओट्यावरचे स्टीलचे डबे आणून टेबलावर मांडले. वेबपान म्हणजे डब्यात डबा, असे तिने सांगितले. सगळ्यात मोठ्या डब्यात सगळे पान. त्यात मथळ्यांचे डबे, परिच्छेदांचे डबे, यादीचा डबा आणि यादीच्या डब्यात एकेका जिनसाची वाटी. प्रत्येक डब्याचे नाव टोकदार कंसात लिहायचे, त्याला टॅग म्हणायचे. आत मजकूर भरला की त्याच नावाचे झाकण लावायचे.

लतिकाताई झाकण विसरत. एकदा ‘मीठ चवीपुरते’ हे शब्द त्यांनी ठळक केले आणि झाकण राहिले. झाले, मिठापासून शेवटच्या ओळीपर्यंत मी सगळेच्या सगळे ठळक झाले.

“आई, झाकण,” नूपुर म्हणाली.

“तू दूध उतू घालवतेस तेव्हा मी काही म्हणते का?” लतिकाताई म्हणाल्या. पण झाकण लावले.

एवढ्यात नूपुरला कामासाठी महिनाभर पुण्याला जावे लागले. लतिकाताईंना धीर नव्हता. मराठी टंकायचे तर एकेका अक्षरापाशी त्यांचा चहा निवे. त्यांचे हस्ताक्षर मात्र सुरेख होते. वसाहतीत लग्न निघाले की पत्रिकांवर नावे घालायला पहिल्यांदा त्यांच्याकडेच गठ्ठा येई. त्यांनी सरळ बोरू काढला. वडाभात, सांबारवडी, रोडगे, सगळ्यांच्या कृती वेलबुट्टीसकट कागदांवर लिहिल्या, त्या कागदांचे फोटो काढले आणि एकाखाली एक माझ्यात लावून टाकले.

म्हणजे मित्रांनो, माझ्यात एकही शब्द नव्हता. मी नुसती चित्रांची माळ होते. पण दिसत होते देखणे. कौतुकाचे निरोप पुण्याहून आले, अमरावतीहून आले. मी सुखावले, खोटे कशाला सांगू?

मग लतिकाताई कळमेश्वरला गेल्या. पियुषने आईच्या फोनमध्ये वाचून दाखवणारा आवाज लावून दिला होता. रुखमाबाई त्यावर रोज बातम्या ऐकत. लतिकाताईंनी त्या फोनवर मला उघडले आणि सांगितले, ऐका. आवाज म्हणाला, चित्र. पुन्हा म्हणाला, चित्र. मग फोटोच्या नावातले काही आकडे म्हणाला आणि पुन्हा चित्र.

रुखमाबाई आधी हसल्या. “तुयं पान तं मुकं हाय वं, लतिका.”

लतिकाताई घाईघाईने म्हणाल्या, हे माझ्या हातच्या कागदांचे फोटो आहेत, मी वाचून दाखवते. तसे रुखमाबाईंचे हसू गेले.

“साऱ्या बाया आपापल्या वाचतीन, अन् मले वाचून दाखवाले माणूस लागन. मेळाव्यात बी तसंच होते. फोटो पाहून साऱ्या हासतेत, अन् मले काय झालं, काय झालं, इचारत बसा लागते. म्हणून येत नाही मी. आता या पानातही तेच.”

चहा झाला. संत्री सोलून झाली. मेळाव्याचे नाव पुन्हा निघाले नाही.

नूपुर पुण्याहून आल्यावर लतिकाताईंनी तिला सगळे सांगितले. ती रागावली नाही. तिने समजावले की अक्षर मोठे आणि ठळक केले की डोळ्यांना तो मथळा वाटतो, पण फोनला मथळ्याचा टॅगच लागतो. तो असला की ऐकणारे माणूस एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारते, हवे तिथे थांबते. यादीचा टॅग असला की आवाज आधीच सांगतो, जिन्नस सात आहेत. आणि प्रत्येक फोटोच्या मागे एक ओळ लिहायची जागा असते. ती पानावर दिसत नाही. ज्यांना फोटो दिसत नाही, त्यांना ऐकू येते.

“मग माझं अक्षर?” लतिकाताईंनी विचारले.

“फोटोतलं अक्षर तो आवाज वाचू शकत नाही, आई,” नूपुर म्हणाली. मग लतिकाताईंनी स्वतःच एकेक कागद माझ्यातून काढायला सुरुवात केली.

त्या दिवसांत मला फार वाईट वाटले. वेलबुट्ट्या गेल्या, वळणदार मथळे गेले. दसरा-दिवाळी गेली तरी त्या एक बोट टेकवत टंकतच होत्या. मी साधे झाले, अगदी पांढऱ्यावर काळे. आज वाटते, माझा खरा जन्म तोच. कारण शेवटी कुरडयांचा फोटो आला आणि त्याच्या मागे त्यांनी लिहिले: ‘वसाहतीची गच्ची. जुन्या लुगड्यावर कुरडया. रुखमाबाई कपाळाशी हात धरून चिमणीकडे बघत आहेत आणि बाकी सगळ्या रुखमाबाईंकडे.’

डिसेंबरात त्या पुन्हा कळमेश्वरला गेल्या. या वेळी बोट रुखमाबाईंचे होते. त्या वडाभातावर थांबल्या, हिंग कमी पडला म्हणाल्या, पुढे गेल्या. कुरडयांची ओळ आली तेव्हा त्यांचे बोट थांबले. त्यांनी ती पुन्हा ऐकली.

“लुगडं कोणत्या रंगाचं हाय, ते काहून नाही लिहिलं?”

लतिकाताई अडखळल्या. रंग सांगून तुम्हाला उगीच वाईट वाटेल, असे मनात आले होते, हे त्यांनी कसेबसे सांगितले.

“मी काही जन्माची आंधळी नाही वं. सारे रंग याद हायेत मले. तू सांगशीन, तं मले दिसन.”

लतिकाताईंनी चष्मा लावला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या फोटोतले लुगडे नीट पाहिले. जांभळे, म्हणाल्या. विटलेले. हिरवा काठ.

“माह्या मायचं,” रुखमाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “अन् तुया हातचे ते कागद कुठी हायेत? फेकले तं नाही? मले दे.”

दिसत नसताना कागद कशाला, असे लतिकाताईंनी विचारले नाही.

जानेवारीच्या मेळाव्याला पियुष आईला घेऊन आला. कुरडयांचा फोटो निघाला तेव्हा पुण्याहून आलेल्या वंदनाताईंनी विचारले, हे खाली काय अंथरले आहे ग? उत्तर रुखमाबाईंनी दिले, काठासकट. त्या दिवशी सगळ्यात जास्त त्याच बोलल्या.

मित्रांनो, तुम्हीही शाळेत माझ्यासारखी पाने बनवाल. खूप सजवा, मला आनंदच आहे. पण मथळ्याला मथळ्याचा टॅग द्या, झाकणे लावा आणि फोटोमागची जागा रिकामी ठेवू नका. तिथे रंगही लिहा. तुमच्या पानाशी कोण येऊन थांबणार आहे, ते तुम्हाला ठाऊक नसते.

पुढे नूपुर आणि लतिकाताईंचा मुलगा उन्मेष बंगळूरला गेले. नूपुर दर दिवाळीला मी धडधाकट आहे ना, ते पाहून जाते. वंदनाताई पुण्याहून अजून पाककृती पाठवतात, त्यात मिठाचे प्रमाण कधीच नसते. लतिकाताईंचा हात आता थरथरतो. बोरू धरवत नाही, पण एका बोटाने टंकता येते. त्यांनी लिहिलेले कागद कळमेश्वरला, रुखमाबाईंच्या पेटीत, नऊवारींच्या घडीखाली आहेत.

रुखमाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्या दिवाळीत नूपुरने हळूच विचारले होते, आई, ती ओळ बदलायची का? लतिकाताई म्हणाल्या, “कशाला? फोटोत त्या बघतच आहेत.”

पियुषची मुलगी हिमानी कधीकधी मला उघडते. आजीसारखेच डोळे मिटून ऐकते. मग तो आवाज सांगतो: वसाहतीची गच्ची. विटलेले जांभळे लुगडे, हिरवा काठ, त्यावर कुरडया. रुखमाबाई कपाळाशी हात धरून चिमणीकडे बघत आहेत आणि बाकी सगळ्या रुखमाबाईंकडे.