मोजणी

पट्टीचा एक कोपरा उडालेला होता, त्यामुळे कारकून बाईंनी भिंतीवरच्या निवासी डॉक्टरांच्या जागांच्या यादीत ओढलेली लाल रेघ शेवटी जराशी खाली घसरत होती – आणि मारिसेल तासभर तेवढंच पाहत बसली होती, कोणती जागा खोडली ते नाही, रेघ कुठे घसरली ते. एकोणतिसावा नंबर टेबलापाशी गेला होता. तिचा तिसावा. शस्त्रक्रियेच्या पाच जागा गेल्या. उरलेली एकच, तुकुमानच्या मोठ्या इस्पितळात, डॉक्टर अर्गान्याराझच्या हाताखाली चार वर्षं. नाहीतर डोंगरातल्या तफी गावी कौटुंबिक वैद्यक – खोकले, जुलाब, म्हाताऱ्या मेंढपाळांचे गुडघे...

शेजारी आई, ओतिलिया, मांडीवर थर्मास धरून ‘माते’ या कडवट पानांच्या चहाचा घोट घेत होती. घरात अर्गान्याराझ हे नाव अकरा वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. त्यानं ऑपरेशन केलेल्या एका बाईच्या पोटात रक्त टिपायचा गॉज राहिला. गॉज मोजण्याचं काम ऑपरेशनच्या नर्सचं, तिनं ते चुकीचं केलं, असं त्यानं लिहून दिलं, आणि अठरा वर्षं त्याच्या हातात हत्यारं देणारी आई इस्पितळाच्या धोबीखान्यात गेली ती निवृत्त होईपर्यंत. तिच्या बोटांना भेगा पडल्या. मारिसेल तेव्हा पंधराची. त्या भेगांना मलम लावता लावता तिनं ठरवलं होतं – मी त्याच्याहून चांगली सर्जन होईन. पुढचा सगळा अभ्यास त्या रागाच्या उजेडात झाला. आणि आता त्याच्याहून चांगलं व्हायचं तर त्याच्याकडूनच शिकायचं! त्यापेक्षा तफी बरं, असं तिनं सकाळी बसमध्ये आईला सांगितलंही होतं. आई खिडकीबाहेर बघत होती.

आता चहाचा प्याला पुढे करत ती म्हणाली, "तफीला जाऊ नकोस. अर्गान्याराझची घे."

"आई, त्या माणसानं तुला–"

"त्याच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही, बाळा." मग, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणावं तशा आवाजात, "आणि मोजणी माझीच चुकली होती."

मारिसेलनं तिच्याकडे पाहिलं. आई थर्मासचं झाकण फिरवत होती, घट्ट बसलेलं असूनही. त्याचं नाव न घेता कितीदा विचारलं होतं हिला, त्या दिवशी काय झालं ते... दर वेळी ती गप्प राहायची आणि मी त्या गप्प राहण्याला स्वाभिमान समजत आले. की आत्ताच खोटं बोलतेय ही, माझी वाट मोकळी व्हावी म्हणून? दोन्ही शक्य होतं. दोन्हींत आईच हरत होती.

"तीस," कारकून बाईंनी पुकारलं.

ती उठली. टेबलापाशी "शस्त्रक्रिया" म्हणाली, सही केली. कारकून बाई म्हणाल्या, फार कडक आहेत हो ते, सांभाळून राहा. मारिसेलनं मान हलवली. या क्षणी किळस येईल असं तिला वाटलं होतं, निदान स्वतःची तरी. वळून पाहिलं तर आई उभी राहून हसत होती, पदवीच्या दिवशी हसली होती तशी, आणि ते हसू खरं आहे की नाही हेही आता मारिसेलला सांगता येईना. छातीतला राग होता तेवढाच होता, तसाच तापलेला... फक्त कोणाकडे तोंड करावं हे त्याला उमगत नव्हतं.